लाकडी जहाज आणि ‘कशावरून?’ हा प्रश्न



संयोजकांनी पत्रात विषय लिहिला होता ‘निवृत्तीनंतरचा छंद’. आम्ही तो जरा बदलून घेतला. छंदाने मन रमते, रक्तदाब आटोक्यात राहतो, घरात भांडणे कमी होतात, हे आपण सगळे ऐकून आहोत. (शेवटचे खरे नाही. लाकडाचा भुसा घरभर झाला की भांडणे वाढतात.) आज बोलायचे आहे ते लाकडी जहाजांच्या प्रतिकृतींच्या इतिहासाबद्दल, आणि या इतिहासाने आम्हाला उतारवयात जो एक धडा दिला त्याबद्दल.

आम्ही म्हणजे चार निवृत्त माणसे. एक बँकेतला, एक शाळामास्तर, एक पाटबंधारे खात्यातला आणि एक कारखान्यातला जुळारी. चौघांनीही लहानपणी दिवाळीत मातीचे किल्ले केले, किल्ल्याच्या पायथ्याशी काचेचा तुकडा ठेवून त्याला समुद्र म्हटले, आणि त्यात काड्यापेटीच्या लाकडाची होडी सोडली. पुढे नोकरी, संसार, चाळीस वर्षे. साठीनंतर परत हातात पटाशी धरली तेव्हा हात थोडा कापत होता आणि चष्म्याचा नंबर वाढला होता. पण एक गोष्ट जास्तीची होती, ती म्हणजे वेळ. एकच काम तीनदा करायची मुभा. ती किती मोलाची आहे ते पुढे येईलच.

आमची प्रतिकृती पाहायला येणारी माणसे दोन प्रश्न विचारतात. मोठी माणसे विचारतात, “किती दिवस लागले हो?” मुले विचारतात, “जहाज असंच होतं कशावरून?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यात आमची गेली काही वर्षे गेली. आजचे व्याख्यान त्या दुसऱ्या प्रश्नाचे आहे.

जहाजांच्या प्रतिकृती माणूस फार पूर्वीपासून करतो आहे. इजिप्तमध्ये थीब्सजवळ मेकेत्रे नावाच्या राजदरबारी अधिकाऱ्याची कबर आहे, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची. १९२० साली तिथल्या एका बंद कोनाड्यात लाकडी प्रतिकृतींचा साठा सापडला. त्यात गोठा आहे, भटारखाना आहे आणि कितीतरी नौका आहेत, वल्ही मारणाऱ्या माणसांसकट. आज त्यांतल्या काही कैरोला आणि काही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. मेलेल्या माणसाला परलोकात प्रवास करता यावा म्हणून त्या केल्या. तिथे ‘कशावरून?’ असे विचारणारे कोणी नव्हते.

पुढे युरोपात नवसाची जहाजे आली. वादळातून वाचलो तर देवळात जहाज टांगीन, असा खलाशाचा नवस. आपल्याकडे नवस फेडताना पाळणा वाहतात, तसलाच प्रकार. स्पेनच्या कॅटालोनिया भागातल्या मातारो गावचे असे एक पंधराव्या शतकातले जहाज आज रॉटरडॅमच्या सागरी संग्रहालयात आहे. ते करणाऱ्याला देव प्रसन्न करायचा होता. पण त्याने आतल्या फासळ्यांसकट, खऱ्या जहाजासारखे काम केले. त्या काळच्या जहाजांचे आराखडे उरलेले नाहीत, म्हणून अभ्यासक आज त्या नवसाच्या जहाजाच्या तुळया मोजतात. केले भक्तीने, कामाला आले पुरावा म्हणून.

तिसरी पायरी कचेरीची. सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडच्या आरमारात मोठ्या जहाजांच्या सुबक प्रतिकृती होऊ लागल्या. प्रमाण बहुधा १:४८, म्हणजे एका फुटाला पाव इंच. त्यांचा खालचा भाग मुद्दाम फळ्या न मारता उघडा ठेवत, आतल्या फासळ्या दिसाव्यात म्हणून. सॅम्युएल पेप्स हा रोजनिशीसाठी प्रसिद्ध असलेला गृहस्थ १६६० साली आरमाराच्या कचेरीत लागला तेव्हा त्याला जहाजातले ओ की ठो कळत नव्हते. १६६२ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्याने एका जहाजावरच्या कूपर नावाच्या माणसाची शिकवणी लावली. आधी गुणाकाराचे पाढे पाठ केले, मग कचेरीतल्या प्रतिकृतीवर जहाजाचा एकेक भाग समजून घेतला. पुढे हाच माणूस इंग्लंडच्या आरमाराचा मोठा प्रशासक झाला. तेव्हा निवृत्तीनंतर पाढ्यांपासून सुरुवात करायची वेळ आली तर आपण लाजू नये, एवढे आम्ही त्याच्याकडून घेतले.

आता याच्या उलट उदाहरण. नेपोलियनशी लढाया चालू होत्या तेव्हा हजारो फ्रेंच कैदी इंग्लंडमध्ये होते. पीटरबरोजवळ नॉर्मन क्रॉस इथे १७९७ साली त्यांच्यासाठी खास छावणी उभी केली. त्या कैद्यांनी जेवणातल्या मांसाची हाडे साफ करून, तासून त्यांची जहाजे केली. ती बाजारात विकली जात, कैद्याला चार पैसे मिळत. काम इतके नाजूक की पाहताना श्वास रोखला जातो. पण बहुतेकांची प्रमाणे चुकलेली असतात. डोलकाठ्या उंच, तोफा अवाढव्य, आणि गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणून नाव एखाद्या प्रसिद्ध जहाजाचे. कैद्याजवळ ना आराखडा होता, ना मोजमाप. त्याच्यावर आपण टीका करायची नाही. पण लक्षात हे ठेवायचे की देखणी प्रतिकृती खरी असेलच असे नाही. आणि देखणेपणामुळे लोक तिच्यावर जास्त विश्वास ठेवतात, ही खरी पंचाईत आहे.

आमच्या पंथाचा मूळपुरुष म्हणाल तर एक निवृत्त फ्रेंच दर्यासारंग आहे. फ्रांस्वा-एदमों पारी. जन्म १८०६. तरुणपणी त्याने जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणा केल्या आणि जिथे नांगर पडेल तिथल्या स्थानिक नौका मोजून, चितारून घेतल्या. भारताच्या किनाऱ्यावरच्या नौकाही त्यात आहेत. १८४६ साली यंत्राच्या अपघातात त्याचा डावा हात गेला. १८७१ साली, पासष्टीला आलेला असताना, तो लूव्र राजवाड्यातल्या आरमारी संग्रहालयाचा प्रमुख झाला आणि १८९३ साली मरेपर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, तेच काम करत राहिला. तरुणपणच्या मापांवरून त्याने कारागिरांकडून जगभरच्या नौकांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. वाफेच्या जहाजांमुळे या नौका नाहीशा होणार हे त्याला दिसत होते. त्यांतल्या अनेक आज खरोखरच कुठे पाण्यावर नाहीत. उरले ते माप आणि त्या मापाची प्रतिकृती. एक हात, साठीपुढचे वय, आणि बावीस वर्षांचे काम. आम्ही ‘आता काय होणार आपल्याच्याने’ म्हणू लागलो की आमच्यातला जुळारी पारीचे नाव घेतो.

आता मुंबईकडे येऊ. पण वाट जरा लांबची आहे.

आमचे पहिले मोठे काम संचावरचे होते. आमच्यातल्या एकाच्या मुलाने अमेरिकेहून ‘कॉन्स्टिट्यूशन’ या जहाजाचा संच आणला. कापलेल्या पट्ट्या, पितळी तोफा, आराखडे, सगळे डब्यात. हे जहाज १७९७ साली पाण्यात उतरले आणि आजही बोस्टनला तरंगते आहे. म्हणजे ‘कशावरून?’ला उत्तर तयार. जाऊन पाहा! दीड वर्ष आम्ही सांगितल्याप्रमाणे चिकटवत गेलो. मग सुकाणूचे चाक बसवायची वेळ आली. ते कसे दिसत असेल म्हणून वाचायला घेतले, आणि थेट मुंबईच्या गोदीत येऊन पोचलो.

काय गंमत आहे बघा. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यापुढे कॉन्स्टिट्यूशनची ब्रिटिश ‘जावा’शी लढाई झाली. लढाईत कॉन्स्टिट्यूशनचे चाक उडाले. जावा हरली, तेव्हा अमेरिकनांनी तिचे चाक काढून आपल्या जहाजाला बसवले आणि जावा जाळून टाकली. ही जावा निघाली होती मुंबईला. तिच्यावर मुंबईचा नियोजित गव्हर्नर हिस्लॉप होता. हाच पुढे १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांच्या फौजेपुढे उभा राहिला. आणि तिच्यावर मुंबईत बांधायच्या फ्रिगेटीचे आराखडे होते. ते गेले.

लंडनहून दुसऱ्या प्रती पाठवाव्या लागल्या. मग मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या हाताखाली ते जहाज सागवानात बांधले गेले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. नाव ‘ट्रिंकोमाली’. हा आराखडा मुळात १७८२ साली पकडलेल्या ‘एबे’ नावाच्या फ्रेंच जहाजावरून उतरवलेला. म्हणजे आकार फ्रान्सचा, कागद लंडनचा, लाकूड आणि हात आपले. ते जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला आहे. दोनशे वर्षांहून जास्त झाली, साग टिकला.

ही हकिकत आम्हाला महत्त्वाची वाटते ती कागदामुळे. जावा जळाली तरी लंडनला मूळ कागद होता, म्हणून जहाज झाले. आणि आज आम्हाला ट्रिंकोमालीची प्रतिकृती करायची झाली तरी कागदही आहे आणि जहाजही. तोफांचा मजला सुमारे दीडशे फूट. १:४८ प्रमाणात तो साडेसदतीस इंच भरतो. तुमची एक मिलिमीटरची चूक खऱ्या जहाजावर ४८ मिलिमीटरची, जवळजवळ दोन इंचांची होते. चूक मोजता येते. मोजता येणारी चूक ही चैन आहे, हे आम्हाला नंतर कळले.

कारण मग आम्ही गुराब करायला घेतली.

कॉन्स्टिट्यूशन पूर्ण झाल्यावर मास्तर म्हणाले, “अमेरिकेचं झालं. आता आपलं काही करू.” मराठी आरमार म्हणजे गुराब आणि गलबत, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. सभासदाच्या बखरीत गुराबा, गलबते, तरांडी, शिबाडे अशी नावे मिळतात. नावे आहेत, मापे नाहीत. आंग्र्यांच्या काळातली एकही गुराब आज उभी नाही. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांचे आरमार विजयदुर्गावर आले, जमिनीवरून पेशव्यांची फौज होती. बंदरात तुळाजी आंग्र्यांची जहाजे एकमेकांना बांधून ठेवलेली. त्यांत ‘रिस्टोरेशन’ नावाचे, पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेले जहाज होते. त्याने पेट घेतला आणि आग पसरत गेली. जवळजवळ सगळे आरमार एका दिवसात राख झाले. जावेसारखीच आग. फरक इतकाच की याचे मूळ कागद दुसऱ्या कुठल्या शहरात नव्हते. ते मेस्त्र्यांच्या हातात आणि डोळ्यांत होते.

मग आधार कशाचा? मुख्य आधार शत्रूचा. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्मने गुराबेचे वर्णन केले आहे. दोन, क्वचित तीन डोलकाठ्या. तीन काठ्यांची सुमारे ३०० टनांची, दोन काठ्यांची १५० टनांच्या आतली. लांबीच्या मानाने रुंद, पाण्यात फार कमी बुडणारी, पुढे निमुळती होत भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी चोच आलेली. त्या चोचीच्या रोखाने नाकासमोर मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबत बहुधा ७० टनांच्या आत, शिडांशिवाय चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की गलबतांनी गुराबेला ओढून न्यायचे, असा जोडीचा कारभार.

हे सगळे आम्ही वाचले होते. तरीही चुकलो. कसे, ते सांगतो, कारण व्याख्यानाचा मुद्दा तोच आहे.

दीड वर्ष कॉन्स्टिट्यूशन केल्यामुळे आमच्या हाताला खोल पोटाच्या जहाजाची सवय लागली होती. आम्ही चोच लावली, तोफा नाकासमोर बसवल्या, दोन डोलकाठ्या उभ्या केल्या, शिडे आणि भगवा लावला. पण पोट मात्र नकळत फ्रिगेटीचे केले. अकरा महिने लागले. देखणी झाली. एका शाळेच्या प्रदर्शनात ती ठेवायचे ठरले. त्याआधी देवगड तालुक्यात एका लग्नाला जायचे होते, म्हणून अर्धवट दोरकामाची प्रतिकृती बरोबर नेली. तिथल्या खाडीकाठी एक म्हातारे मेस्त्री होते, आयुष्यभर होड्या बांधलेले. त्यांनी ती हातात घेतली, उलटी केली, बुडाकडे पाहिले. वरचे काही पाहिलेच नाही.

“ह्यां तारू खाडीत येवचां नाय,” ते म्हणाले. “सुकतीक आडवां पडतलां.”

म्हणजे हे जहाज खाडीत शिरणार नाही, ओहोटीला आडवे पडेल.

आम्ही म्हटले, “मेस्त्री, हे लढाऊ जहाज आहे.”

“मगे लढान झाल्यार परत खंय येतलां?”

लढून झाल्यावर परत कुठे येणार? आमच्याकडे उत्तर नव्हते. ऑर्मची ‘पाण्यात फार कमी बुडणारी’ ही ओळ आम्ही चौघांनी वाचली होती, पण तिचा अर्थ आम्हाला खाडीकाठी कळला. मराठी आरमाराचे बळ खाडीत होते. भरतीबरोबर आत शिरायचे. इंग्रजांची खोल पोटाची जहाजे मागे येऊ शकत नाहीत. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत, काही भाग खडक फोडून केलेली जुनी गोदी आजही दिसते. गुराब तिथे जायची. आमची गुराब गेली नसती. आम्ही बाहेरून मराठी आणि पोटातून इंग्रज जहाज केले होते.

परत आल्यावर आमच्यात भांडण झाले, ते लपवत नाही. प्रदर्शनाला तीन आठवडे होते. एक जण म्हणाला, ठेवू या आहे तशी, पोरांना काय कळतंय? मास्तर एरवी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढवला. म्हणाले, “पोरांनाच कळतं. आज बघतील ती गुराब पन्नास वर्षं डोळ्यांत ठेवतील. पुढे कुणी खरी सांगितली तरी त्यांना खोटी वाटेल.” दोघे जण महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते.

शेवटी आम्ही ती फोडली. फळ्या ओल्या फडक्याने भिजवून, सरस मऊ करून एकेक सुट्टी केली. आणि प्रदर्शनात काय ठेवले? फोडलेला सांगाडाच ठेवला, शेजारी मेस्त्र्यांचे म्हणणे लिहून. मुलांची गर्दी तिथेच जास्त झाली.

दुसरी गुराब करताना आम्ही एक नियम केला. प्रत्येक भागाला तीनपैकी एका रंगाची चिठ्ठी. लेखी आधार असेल तर हिरवी. कोकणातल्या चालू होड्यांवरून किंवा मेस्त्र्यांच्या सांगण्यावरून काढलेला तर्क असेल तर पिवळी. आमची कल्पना असेल तर लाल. चोच हिरवी, नाकासमोरच्या तोफा हिरव्या. पोटाचा नेमका बाक पिवळा. मागच्या भागावरचे नक्षीकाम लाल. काम संपले तेव्हा लाल चिठ्ठ्या आमच्या अंदाजापेक्षा बऱ्याच जास्त निघाल्या. जरा ओशाळल्यासारखे झाले. पण मग लक्षात आले, की त्या लाल चिठ्ठ्या हीच आमची पुढची कामाची यादी आहे.

असे काम फक्त हौशी माणसे करतात असे नाही. अजिंठ्याच्या लेण्यात पाचव्या शतकातले एक जहाजाचे चित्र आहे. त्यावरून आपल्या नौदलाने खरे शिवणीचे जहाज बांधवून घेतले. खिळ्यांऐवजी काथ्याने शिवलेल्या फळ्या. गोव्यात केरळी कारागिरांनी ते बांधले आणि मे २०२५ मध्ये ‘कौंडिण्य’ या नावाने ते नौदलात दाखल झाले. चित्रात खालचा आकार कुठून दिसणार? तोही तर्कानेच ठरवावा लागला. मद्रासच्या आयआयटीत आधी त्याची लहान प्रतिकृती पाण्यात तपासली. म्हणजे आमच्या पिवळ्या चिठ्ठीचेच काम, फक्त मोठ्या प्रमाणावर. आणि तिथे चूक झाली असती तर माणसे बुडाली असती, त्यामुळे ‘कशावरून?’ हा प्रश्न टाळायची सोयच नव्हती.

समोर बरीच मंडळी निवृत्त किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावर दिसताहेत, म्हणून दोन शब्द व्यवहाराचे. परत सुरुवात करणार असाल तर तीन मजली जहाजाने करू नका. एक साधी होडी करा, जिची खरी बहीण जवळच्या खाडीत किंवा नदीत आहे. टेप घेऊन जा, तिच्या मालकाला विचारून मापे घ्या. कोकणात लाकडी होडी बांधणारे मेस्त्री आता थोडे उरले आहेत, फायबरच्या होड्या आल्या. पारीने मोजले ते वाफेच्या भीतीने. आपल्याला फायबरच्या आधी मोजायचे आहे. पट्टी वाकवताना घाई करू नका, पाण्यात भिजू द्या. डोळे थकले की थांबा. आणि चुकले तर फोडा. नोकरीत असताना चुकलेली फाईल तशीच पुढे सरकवावी लागायची, वरून तगादा असायचा. आता तगादा कोणाचा नाही. अकरा महिन्यांचे काम फोडायची ऐपत आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याकडे आली आहे.

बाहेर टेबलावर दुसरी गुराब ठेवली आहे, चिठ्ठ्यांसकट. दोरांना हात लावू नका एवढीच विनंती. बुडाखाली आरसा ठेवला आहे, त्यात आधी पाहा. आणि तुमच्यापैकी कोणाच्या घरी, गावी, आजोळी जुन्या होडीचे माप, हिशेबाची वही, एखादा फोटो असेल तर आम्हाला दाखवा. एक लाल चिठ्ठी पिवळी झाली तरी आजची संध्याकाळ कारणी लागली असे आम्ही समजू.